छोट्या डेस्कटॉपचे अपग्रेड: ग्वाल्हेरच्या मे महिन्यात टिकेल असे

दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून किंवा ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातल्या एखाद्या दुकानातून आणलेले, कुठल्यातरी कंपनीच्या कार्यालयात काही वर्षे वापरून झालेले छोटे डेस्कटॉप आता ग्वाल्हेरच्या पुष्कळ घरांत दिसतात. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क आणि लेनोवोचे थिंकसेंटर ही त्यांतली नेहमीची नावे. यंत्रे दणकट असतात, नव्याच्या मानाने स्वस्त पडतात आणि टेबलाचा एक कोपरा पुरतो. अडचण पुढे येते. मुलाला व्हिडिओ संपादन शिकायचे असते, किंवा घरच्या कुणाला बैठकींची जुनी ध्वनिमुद्रणे साफ करून जपून ठेवायची असतात, आणि मग या चपट्या कॅबिनेटमध्ये आणखी काय काय बसवता येईल याची चौकशी सुरू होते. मोठ्या टॉवरमध्ये ४५० किंवा ५०० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारी पेटी, आणि भरपूर मोकळी जागा असते, त्यामुळे तिथे थोडा अंदाज चुकला तरी निभावते. छोट्या यंत्रात तशी मुभा नसते.

पुढे दिलेली सगळी रीत एका साध्या गोष्टीवर उभी आहे. संगणकात जेवढे वॅट जातात ते जवळपास सगळे उष्णता होऊन बाहेर पडतात, म्हणून विजेचा हिशेब आणि उष्णतेचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो. आणि ग्वाल्हेरला तो हिशेब जानेवारीच्या नव्हे, मे-जूनच्या दुपारी मांडावा लागतो, कारण तेव्हा बाहेर पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत कूलर चालू असूनही ३५ अंशांच्या खाली येता येत नाही.

आधी लेबल, मग खरेदी

कॅबिनेटचे झाकण उघडून एसएमपीएसवरचे लेबल वाचणे ही पहिली पायरी आहे, आणि बहुतेक जण तीच गाळतात. या वर्गातल्या यंत्रांत साधारण १८० ते २६० वॅटचे एसएमपीएस असतात. उदाहरणार्थ, ऑप्टिप्लेक्स ७०५० च्या छोट्या आवृत्तीत १८० वॅटचा असतो. लेबलावर एकूण वॅटखेरीज १२ व्होल्टच्या तारेवर किती अँपिअर मिळतात तेही छापलेले असते, आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच तारेवर जगत असल्यामुळे खरा आकडा तो समजावा. हा एसएमपीएस कमी पडला तर मोठा विकत घेऊन बदलू, असा विचार मनात असेल तर तो लवकर सोडून द्यावा. या कंपन्या नेहमीच्या २४ पिनी जोडणीऐवजी आपापल्या निराळ्या, कमी पिनांच्या जोडण्या वापरतात, एसएमपीएसचा आकारही त्याच कॅबिनेटपुरता असतो, आणि हार्ड डिस्कची वीजसुद्धा अनेकदा मदरबोर्डावरच्या एका छोट्या सॉकेटमधून घेतलेली असते. जोडणी बदलून देणाऱ्या वायरी ऑनलाइन मिळतात, पण मग एसएमपीएस कॅबिनेटच्या बाहेर टेबलावर ठेवावा लागतो. घरात लहान मुले असताना ते शोभत नाही आणि सुरक्षितही नाही. एसएमपीएसची स्वतःची पेटी मात्र कोणत्याही कारणाने उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही काळ ३०० व्होल्टच्या पुढचा दाब राहू शकतो.

त्यानंतर यंत्र प्रत्यक्षात किती वीज खाते ते मोजावे. भिंतीवरचा सॉकेट आणि संगणकाचा प्लग यांच्यामध्ये लावायचा वॅटमीटर ऑनलाइन सहज मिळतो आणि तो पुढे फ्रिज-कूलरलाही उपयोगी पडतो. मॉनिटर दुसऱ्या सॉकेटवर ठेवून फक्त संगणकाचे आकडे घ्यावेत: नुसता चालू असताना, नेहमीचे काम करताना आणि प्रोसेसरवर पूर्ण भार टाकल्यावर. वॅटमीटर दाखवतो ती भिंतीतून घेतलेली वीज असते, लेबलावर लिहिलेली असते ती एसएमपीएसने आत दिलेली. मधली काही वीज एसएमपीएसमध्येच उष्णता होऊन जाते. चांगल्या एसएमपीएसची कार्यक्षमता सुमारे ८५ टक्के धरली तर भिंतीवरचे १०० वॅट म्हणजे आतले ८५. हा फरक आपल्या बाजूचा आहे, पण तो उधळू नये. जुन्या एसएमपीएसवर लेबलाच्या ८० टक्क्यांपलीकडे सतत भार टाकायचा नाही, हा नियम मी स्वतः पाळतो. उन्हाळ्यात तर त्याहूनही थोडे आखडते घ्यावे, कारण एसएमपीएसचा पंखा कॅबिनेटमधली गरम हवाच ओढत असतो.

एक रुपयाही न घालता मिळणारे अपग्रेड

नवीन काही घेण्याआधी यंत्र साफ करावे. ग्वाल्हेरच्या एप्रिल-मेच्या आंधीत, म्हणजे धुळीच्या वादळात, येणारी बारीक धूळ बंद खिडकीतूनही घरात येते, आणि जमिनीवर ठेवलेला संगणक ती दिवसभर ओढून घेतो. ती कुठे साचते हे वरवर पाहून कळत नाही. पंख्याची पाती साधारण स्वच्छ दिसतात. पण पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूच्या पत्र्यांचा ठोकळा) यांच्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण चार स्क्रू काढून उचलले की हीटसिंकच्या पत्र्यांच्या पुढच्या तोंडावर, बरोबर पंख्याच्या मागे, तपकिरी रंगाचा एक सलग थर बसलेला आढळतो. नखाने एक कड सोडवली तर तो अखंड सुटून हातात येतो. पंखा कितीही जोरात फिरला तरी त्या थरातून हवा जात नाही, आणि यंत्र आवाज मात्र करत राहते.

साफ करताना प्लग काढून पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण वाऱ्याच्या झोताने पंखा त्याच्या क्षमतेबाहेर फिरला तर बेअरिंग खराब होते. हे काम गच्चीत किंवा अंगणात करावे. कोरड्या हवेत स्थिर वीज सहज साठते, म्हणून आतल्या भागांना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा आणि टेरिकॉटचे कपडे व कार्पेट टाळावे. संगणक चालू असताना कॅबिनेटला हात लावून झिणझिण्या येत असतील तर तो स्थिर विजेचा प्रकार नव्हे. घरच्या सॉकेटला अर्थिंग नाही, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत हे पुष्कळदा आढळते. अपग्रेड थांबवून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावलेली थर्मल पेस्ट पाच-सहा वर्षांत वाळून खडूसारखी होते. ती बदलण्यापूर्वी संगणक दहा मिनिटे चालवावा, म्हणजे पेस्ट मऊ होते. मग तो बंद करून प्लग काढावा, हीटसिंकचे स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने थोडे थोडे सैल करावेत आणि हीटसिंक सरळ वर न ओढता किंचित फिरवून उचलावा. इंटेलच्या यंत्रांत प्रोसेसर खटक्याने जागी धरलेला असतो, पण एएमडीच्या रायझेन प्रोसेसरांच्या एएम४ सॉकेटवर घाईने ओढले तर प्रोसेसर हीटसिंकला चिकटून पिनांसकट बाहेर येतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी, नवी मध्यभागी लहानसा ठिपका होईल एवढीच लावावी आणि स्क्रू तिरप्या क्रमाने आवळावेत. आवरण परत बसवायला विसरू नये. ते पंख्याची हवा हीटसिंकमधून नेऊन मागे सोडते. त्याच्याशिवाय हवा मोकळी फिरते आणि प्रोसेसर तापतो. साफसफाई आणि नवी पेस्ट यांनी भाराखालचे तापमान १० अंशांच्या वर उतरल्याचे अनेकदा दिसते, आणि ज्या संथपणासाठी नवा प्रोसेसर घ्यायचा विचार चालला होता तो संथपणाच कधीकधी नाहीसा होतो.

आधी वजाबाकी

या यंत्रांत काहीही वाढवण्याआधी काय काढता येईल ते पाहावे, आणि त्यात पहिली जुनी हार्ड डिस्क. साडेतीन इंची हार्ड डिस्क चालताना ६ ते ८ वॅट घेते आणि सुरू होताना क्षणभर २० वॅटच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त ओढते. शिवाय अनेक मॉडेलांत ती पुढच्या जाळीच्या मागेच बसवलेली असल्यामुळे आत येणारी हवा तिच्यावर अडते. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, आली की वीज वाचते, हवेची वाट मोकळी होते आणि वेगातला फरक एवढा पडतो की सामान्य वापरासाठी तेवढे अपग्रेड पुरेसे ठरावे. साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जाते, तिसऱ्या पिढीच्या पीसीआयई या वेगवान जोडणीवरची एनव्हीएमई एसएसडी ३५०० एमबीपर्यंत. कागदावर हा फरक मोठा आहे. फाइल उघडणे, हिशेब, ब्राउझर अशा कामांत तो फारसा जाणवत नाही. मदरबोर्डावर एम.२ स्लॉट असेल तर एनव्हीएमई घ्यावी, कारण तिला वायर लागत नाही, पण आधी तो स्लॉट एनव्हीएमई चालवतो की फक्त साटा, हे मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावे. जुन्या वापरलेल्या यंत्रांत एसएसडी दाबून धरणारा छोटा स्क्रू हटकून गायब असतो, तो दुकानातून आठवणीने मागून घ्यावा. पाचव्या पिढीच्या, मोठा हीटसिंक लागणाऱ्या एसएसडीचा येथे काहीही उपयोग नाही. जुना स्लॉट तिला तिच्या वेगाने चालवणारही नाही.

रॅमच्या बाबतीत वॅटची फारशी काळजी करावी लागत नाही, कारण डीडीआर४ ची एक पट्टी सुमारे ३ वॅट घेते. पट्ट्या मात्र जोडीने घ्याव्यात. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रात प्रोसेसरमधले ग्राफिक्स याच रॅममधून आपली स्मृती घेते, आणि दोन सारख्या पट्ट्यांनी दोन्ही वाटा उघडल्या की चित्र आणि व्हिडिओच्या कामात त्याचा स्पष्ट फायदा होतो. ८ जीबीची एक पट्टी असेल तर १६ जीबीची दुसरी लावण्यापेक्षा ८ जीबीची जोडी पूर्ण करणे बहुतेक घरगुती कामांना पुरते. चपट्या डेस्कटॉपला लांब पट्टी लागते आणि अगदी छोट्या, पुस्तकाएवढ्या यंत्रांना लॅपटॉपची आखूड पट्टी. सर्व्हरमधून काढलेली स्वस्त रजिस्टर्ड रॅम कुणी देऊ केली तर घेऊ नये, ती या मदरबोर्डांवर सुरूच होत नाही.

ग्राफिक्स कार्डाचा हिशेब

लोकांचे पैसे खरे वाया जातात ते येथे. एक नमुना मांडून पाहू. १८० वॅटचा एसएमपीएस असलेले, कोअर आय५-७५०० प्रोसेसरचे यंत्र घेतले आणि ८० टक्क्यांचा नियम लावला तर हातात १४४ वॅट येतात. त्यातून प्रोसेसरचे ६५, मदरबोर्ड आणि पंखे यांचे साधारण २०, रॅमच्या दोन पट्ट्यांचे ६, एसएसडीचे ५ आणि कीबोर्ड, माउस, पेन ड्राइव्ह, यूएसबीवरचे ध्वनिमुद्रणाचे उपकरण यांचे मिळून १० वजा केले तर ३८ वॅट उरतात. एवढीच आपली ऐपत.

आता बाजारात काय सांगितले जाते ते पाहावे. पीसीआयईचा लांब स्लॉट नियमाप्रमाणे ७५ वॅटपर्यंत देऊ शकतो, म्हणून वेगळी वीजजोडणी न लागणारी जीटीएक्स १०५० टीआय किंवा जीटीएक्स १६५० ही ७५ वॅटची कार्डे आणि आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीवाले ७० वॅटचे कार्ड ‘चल जाएगा, भाईसाहब’ म्हणून पुढे केली जातात. स्लॉट ७५ वॅट देऊ शकतो याचा अर्थ त्यामागचा एसएमपीएस ते देऊ शकतो असा होत नाही. वरच्या हिशेबात ७५ घातले तर बेरीज १८१ होते, म्हणजे लेबलाच्याही बाहेर. काही कंपन्या तर छोट्या कॅबिनेटमधल्या या स्लॉटसाठी ३५ किंवा ५० वॅटची स्वतंत्र मर्यादा पुस्तिकेत छापतात. असे कार्ड महिनाभर चालेलही, कारण सगळे भाग एकाच क्षणी पूर्ण भार क्वचित घेतात. पण उन्हाळ्यात एखाद्या दुपारी खेळाच्या मध्यावर यंत्र धाडकन बंद पडते, आणि दोष कार्डाचा, एसएमपीएसचा की विंडोजचा हे शोधण्यात आठवडा जातो.

आपल्या ३८ वॅटमध्ये बसणारी कार्डे वेगळी आहेत. एनव्हिडियाचे टी४०० हे ३० वॅटचे आहे. क्वाड्रो पी६२० आणि टी६०० ही दोन्ही ४० वॅटची. दोन वॅट जास्त होतात हे खरे, पण प्रोसेसर आणि कार्ड एकदम पूर्ण भाराखाली क्वचित येत असल्यामुळे तेवढे मी चालवून घेईन, १५ नाही. ही कार्डे मुळात कार्यालयीन कामासाठी बनवलेली, अर्ध्या उंचीची आणि एकाच स्लॉटच्या जाडीची आहेत. त्यांच्यावर नेहमीचे एचडीएमआय नसून छोटे डिस्प्लेपोर्ट असतात, म्हणून कन्व्हर्टर बरोबरच घ्यावा. दुसऱ्या हाताचे कार्ड घेताना अर्ध्या उंचीची पत्र्याची पट्टी सोबत आहे ना, हे पाहावे. ती सुटी शोधणे कटकटीचे असते.

जीटी १०३० हे ३० वॅटचे कार्डही सहज मिळते आणि वॅटच्या खात्यात बसते, पण व्हिडिओच्या कामासाठी ते घेऊ नये. त्याच्यात व्हिडिओ एनकोड करणारा, म्हणजे तो दाबून साठवणारा, भागच नाही. आरएक्स ६४०० चेही तसेच: ते ५३ वॅट घेते, एनकोडर त्यातही नाही, आणि त्याला चारच लेन (माहिती जाण्याच्या वाटा) असल्यामुळे तिसऱ्या पीसीआयई पिढीच्या जुन्या मदरबोर्डावर त्याचा वेग घटतो. उलट आय५-७५०० च्या पोटातले इंटेलचे ग्राफिक्स एच.२६५ व्हिडिओ, तोही १० बिटचा, एनकोड आणि डिकोड दोन्ही करते. घरगुती कार्यक्रमांचे चित्रीकरण कापून-जोडून यूट्यूबवर टाकायचे असेल तर कार्ड न घेता रॅमची जोडी आणि एसएसडी एवढ्यावर थांबणे हाच पुष्कळांसाठी योग्य निर्णय आहे. कार्ड घेतलेच तरी बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन मल्टी-डिस्प्लेचा पर्याय चालू ठेवावा, नाहीतर कार्ड बसताच यंत्र आतले ग्राफिक्स बंद करते आणि ही सोय हातची जाते. इंटेलची आर्क कार्डे जुन्या यंत्रांसाठी टाळावीत. रिसायझेबल बार ही सोय बायोसमध्ये नसेल तर ती फार मंदावतात.

जागेचे मापही टेपने घ्यावे. अनेक कॅबिनेटांत लांब स्लॉटच्या शेजारी लगेच एसएमपीएसची भिंत असते, त्यामुळे दोन स्लॉट जाडीचे कार्ड बसतच नाही, किंवा बसले तरी त्याचा पंखा पत्र्याला तोंड लावून राहतो आणि त्याला हवा मिळत नाही.

प्रोसेसर बदलावा का

बहुधा नाही. आय५-७५०० च्या जागी आय७-७७०० बसतो, दोघांवर ६५ वॅटच लिहिलेले असते आणि धागे (थ्रेड, म्हणजे एका वेळी चालणारी कामे) चाराचे आठ होतात, हे सगळे खरे. पण तो आकडा दीर्घकाळच्या भाराचा असतो. टर्बोच्या, म्हणजे आपोआप वाढवलेल्या वेगाच्या, काळात प्रोसेसर थोड्या वेळासाठी त्याच्या वर जातो, आणि चपट्या कॅबिनेटमधला बुटका हीटसिंक ते झेलताना लगेच तापतो. ‘के’ अक्षराचा, ९१ वॅटचा आय७-७७००के तर या यंत्रांसाठी विचारातही घेऊ नये. सहाव्या-सातव्या पिढीचे आणि आठव्या पिढीचे प्रोसेसर आकाराने सारख्याच सॉकेटचे असले तरी कंपनीच्या मदरबोर्डांवर एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हेही ध्यानात असावे.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या बाबतीत अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासून पुढेच चालते. म्हणजे सातव्या पिढीच्या यंत्रात महागडा प्रोसेसर घालणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. तेवढ्या पैशांत जुने यंत्र विकून आठव्या पिढीचे, सहा कोअरच्या आय५-८५०० चे तसेच छोटे यंत्र बहुधा पदरात पडते, आणि आपली रॅम व एसएसडी त्यात जशीच्या तशी जाते. जुनेच ठेवायचे असेल तर त्यावर लिनक्स उत्तम चालते. प्रोसेसर बदलायचाच असेल तर आधी बायोस अद्ययावत करावा, आणि ते काम यूपीएसवर, शक्यतो सकाळी करावे. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी वीज जाण्याची वेळ साधून बायोस लिहायला घेणे म्हणजे मदरबोर्ड पणाला लावणे आहे.

पुस्तकाएवढी यंत्रे

लिटरभर आकाराच्या छोट्या यंत्रांत ग्राफिक्स कार्डाचा प्रश्नच येत नाही. तिथे लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर असतो, बहुधा ६५ किंवा ९० वॅटचा, आणि प्रोसेसर ‘टी’ अक्षराचा, ३५ वॅटचा. रॅम आणि एसएसडी एवढेच बदलावे. डेलचा अडॅप्टर मधल्या पिनेतून आपली ओळख यंत्राला सांगतो. दुसऱ्या कुठल्या कंपनीचा लावला आणि ओळख पटली नाही तर यंत्र सुरू होते खरे, पण प्रोसेसर मुद्दाम सावकाश चालतो. संथ झालेल्या अशा यंत्रात आधी अडॅप्टर तपासावा.

ठेवावा कुठे

जुन्या घरांतल्या दगडी भिंतींत कोनाडे असतात आणि संगणक त्यात इतका नीट बसतो की मोह आवरत नाही. कोनाड्यात मागून निघालेली गरम हवा भिंतीला आपटून पुन्हा पुढच्या जाळीतून आत येते. संगणकाच्या टेबलातला दार असलेला कप्पा त्याच जातीचा. मागे वीतभर जागा आणि दोन्ही बाजूंना मोकळी हवा असावी, आणि चालू यंत्रावर धुळीसाठी घातलेले प्लॅस्टिकचे आवरण कामाला बसताना पूर्ण काढून ठेवावे.

कूलरचा प्रश्न ग्वाल्हेरपुरता महत्त्वाचा आहे. कोरड्या उन्हाळ्यात कूलर खोली कित्येक अंशांनी खाली आणतो आणि त्याचा फायदा संगणकाला मिळतोच, पण यंत्र कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. झोताबरोबर पाण्याचे बारीक कण येतात, आपल्याकडचे पाणी जड असल्यामुळे ते वाळल्यावर पांढरा क्षार मागे राहतो, आणि तो क्षार धुळीत मिसळून हीटसिंकच्या पत्र्यांवर असा घट्ट बसतो की ब्लोअरने निघत नाही. कूलर ज्या खिडकीत असेल तिच्या समोरच्या नव्हे, आडव्या भिंतीला संगणक लावावा आणि हवा बाहेर जायला एक दार उघडे ठेवावे. पाऊस सुरू झाला की कूलरची थंडी संपते आणि दमटपणा तेवढा वाढतो, तेव्हा नुसता पंखा बरा.

दुपारची परीक्षा

सगळे बसवून झाल्यावर यंत्राची परीक्षा दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, खोली नेहमी जशी असते तशीच ठेवून घ्यावी. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत साधन उघडून प्रोसेसरचे तापमान, त्याचा वेग आणि थर्मल थ्रॉटलिंगची (तापल्यामुळे वेग आपोआप उतरण्याची) नोंद डोळ्यांसमोर ठेवावी, प्रोसेसरवर भार टाकणारे सिनेबेंच अर्धा तास पुन्हा पुन्हा चालवावे, आणि कार्ड असेल तर शेवटची दहा मिनिटे कार्डावर भार टाकणारे फरमार्कही जोडीला लावावे. वॅटमीटर सॉकेटवर असावाच. इंटेलच्या या बहुतेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश आहे. ८५ च्या आत राहिले तर उत्तम, ९० च्या पुढे सतत राहत असेल तर काहीतरी करायला हवे. परीक्षा हिवाळ्यात घ्यावी लागली तर खोलीच्या तापमानातला फरक जसाच्या तसा मिळवावा: जानेवारीत २० अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७८ दाखवत असेल तर मेमध्ये ३८ अंशांच्या खोलीत तो ९६ च्या आसपास जाणार हे गृहीत धरावे. पंखा जास्त फिरून त्यातले थोडे कमी होईल, पण त्यावर विसंबू नये.

यंत्र कसे हार मानते त्यावरून दोष ओळखता येतो. वेग हळूहळू उतरत गेला, पंखा ओरडत राहिला आणि यंत्र मात्र चालूच राहिले, तर अडचण उष्णतेची आहे. काही इशारा न देता एका क्षणात काळोख झाला तर बहुधा एसएमपीएसने हात टेकले. पहिल्या प्रकारात विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० ऐवजी ९९ टक्के करून पाहावी. एवढ्याने टर्बो बंद होतो, कामाचा वेग थोडा कमी होतो आणि तापमान लक्षणीय उतरते. मे-जूनपुरता हा उपाय मी मोकळ्या मनाने सुचवतो, आवाजही कमी होतो, आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याला तो आवाजच अधिक छळतो. दुसऱ्या प्रकारात कार्डाची वीजमर्यादा आफ्टरबर्नरसारख्या साधनातून खाली आणता येते का ते पाहावे. येत नसेल तर कार्ड परत करावे. या यंत्राला ते झेपत नाही.

यूपीएस नवा घ्यावा लागेल का, हा प्रश्न शेवटी उरतो. नेहमीच्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर ३६० वॅट लिहिलेले असते, आणि १८० वॅटच्या एसएमपीएसचे यंत्र व एक मॉनिटर त्यावर आरामात चालतात. वीज जाताच यूपीएस चालू असूनही संगणक बंद पडत असेल तर यूपीएसची बॅटरी थकली आहे, किंवा त्याची ओबडधोबड लहर एसएमपीएसला मानवत नाही. बॅटरी बदलूनही तसेच होत असेल तर शुद्ध साइन लहर देणारा यूपीएस लागेल. कमी व्होल्टेजसाठी वेगळा स्टॅबिलायझर घेण्याची मात्र गरज नसते, कारण या कंपन्यांचे एसएमपीएस बहुतेक करून १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, आणि ते लेबलावर लिहिलेले असते. यूपीएसही कोनाड्यात कोंडू नये: त्यातली लेड-ॲसिड बॅटरी २५ अंशांच्या वरच्या दर १० अंशांमागे आपले सुमारे अर्धे आयुष्य गमावते, आणि गरम खोलीत तिसऱ्या उन्हाळ्याआधीच ती बदलावी लागली तर त्यात नवल नाही.